खाऱ्या पाण्यातील फ्लाय फिशिंगसाठी माकूल फ्लाय कशी बांधावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागांत राहून चोर्ला, अनमोड किंवा आंबोली घाटाने समुद्राकडे गरवायला जाणाऱ्या आणि स्वतःच्या फ्लाय, म्हणजे हुकावर पिसे, केस व तंतू बांधून केलेली कृत्रिम आमिषे, स्वतः बांधू इच्छिणाऱ्या मंडळींसाठी ही उत्तरे लिहिली आहेत. फ्लाय बांधण्याची प्राथमिक ओळख, म्हणजे धागा हुकावर बसवणे, पीस बांधणे आणि शेवटची गाठ मारणे, वाचकांना आहे असे येथे गृहीत धरले आहे.

माकूल फ्लाय आणि माकूल पकडण्याचे जिग यांत फरक काय?

जिगने माकूल (स्क्विड) पकडतात, तर माकूल फ्लायने माकूल खाणारे मासे पकडतात. जिगच्या टोकाला बिनकाट्याच्या सुयांचा मुकुट असतो आणि त्याचा आकार बहुधा कोळंबीसारखा असतो. माकूल फ्लायमध्ये एकच हूक असून त्यावर पिसे, केस व कृत्रिम तंतू बांधून माकुलाचे रूप आणि चाल साधलेली असते. अनेक दुकानांत दोन्ही वस्तू एकाच नावाखाली विकल्या जातात, म्हणून मागवण्यापूर्वी चित्र नीट पाहावे.

समुद्र शंभर-सव्वाशे किलोमीटर दूर असताना हा खटाटोप कशासाठी?

फ्लाय बांधण्याचे काम घरातच होते आणि त्याला समुद्राची गरज नसते. किंबहुना पावसाळ्यात घाट धुक्यात बुडालेले असतात, समुद्र खवळलेला असतो आणि १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा या कामासाठी निवांत वेळ मिळतो. दूर राहण्याची खरी अडचण अशी की जिवंत माकूल पाण्यात कसा वावरतो हे रोज डोळ्यांसमोर नसते. त्यामुळे बांधणारा हातात धरलेल्या फ्लायच्या देखणेपणावर समाधान मानू लागतो. पुढील बहुतेक उत्तरे याच अडचणीभोवती आहेत, कारण माकूल फ्लायचा खरेपणा ती पाण्यात कशी तरंगते, कशी थांबते आणि कोणत्या दिशेने सरकते यावर ठरतो.

बांधण्यापूर्वी खरा माकूल कसा अभ्यासावा?

बेळगावच्या मासळी बाजारात गोवा, कारवार आणि मालवणकडून बर्फात घातलेली मासळी येते, त्यात माकूलही असतो. गोव्याकडच्या मासळीवाल्या त्याला माणके म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर सर्वाधिक सापडणारी जात भारतीय माकुलाची आहे, आणि तिचे शास्त्रीय नाव यूरोट्यूथिस डुव्हॉसेली असे आहे. शक्यतो वीतभर लांबीचा, कातडी न फाटलेला एक माकूल निवडून घरी आणावा, पांढऱ्या ताटलीत थोड्या पाण्यात ठेवावा आणि कागदावर त्याची बाह्यरेषा काढून घ्यावी.

त्यात काय पाहायचे? पहिली गोष्ट म्हणजे धडाची पिशवी डोक्याच्या बाजूला रुंद असते आणि शेपटीच्या टोकाकडे निमुळती होत जाते. तिच्या मागच्या निम्म्याहून थोड्या अधिक भागावर दोन्ही बाजूंना पर असतात आणि वरून पाहिल्यास ते मिळून पतंगाच्या आकाराचे दिसतात. डोळे अपेक्षेपेक्षा बरेच मोठे असतात आणि हात जेथून फुटतात त्याच्या अगदी लगत बसलेले असतात. हात आठ असतात, आणि त्यांखेरीज दोन लांब शुंडके असतात. शुंडके दोऱ्यासारखे बारीक असून फक्त टोकाशी, जेथे चूषक असतात तेथे, पसरट होतात. आता बोटाने पाठीवरची पातळ कातडी किंचित ओढून भिंगाखाली पाहावी. तपकिरी-तांबड्या ठिपक्यांचा एक थर दिसतो, त्यांतले काही ठिपके सुईच्या टोकाएवढे असतात तर काही पसरून डागासारखे झालेले असतात. जिवंतपणी हे ठिपके क्षणात आकुंचन-प्रसरण पावतात आणि माकूल रंग बदलतो. मेल्यावर शरीर पांढरे व अपारदर्शक होते, पण जिवंत माकूल काचेसारखा अर्धपारदर्शक असतो. बाजारातल्या माकुलाकडून प्रमाणे घ्यावीत, रंग मात्र घेऊ नये.

माकूल पुढे जातो की मागे, आणि त्याचा फ्लायशी काय संबंध?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. माकूल पिशवीत पाणी भरून घेतो आणि डोक्याखालच्या नळीतून ते जोराने बाहेर फेकतो. त्या धक्क्याने तो शेपटीच्या टोकाच्या दिशेने, म्हणजे आपल्या दृष्टीने उलटा, पळतो, आणि त्याचे हात व शुंडके एकत्र मिटून मागे लोंबत राहतात. भक्ष्यावर झेपावताना तो हात पुढे करून संथपणे पुढेही सरकतो, परंतु मोठ्या माशाला पाहून पळणारा माकूल उलटाच पळतो. म्हणून फ्लायवर हुकाच्या डोळ्याशी, म्हणजे दोर बांधायच्या छिद्राशी, शेपटीचे निमुळते टोक यावे, आणि डोके, डोळे व हात हुकाच्या वाकाशी, म्हणजे तो मागे वळतो तेथे, यावेत. दोर ओढला की फ्लाय शेपटी पुढे करून सरकते आणि हात मिटतात. ओढणे थांबले की हात उमलतात. हे मिटणे-उमलणे साधले, तर बाकीच्या अनेक उणिवा मासा माफ करतो.

हूक कोणता वापरावा?

आपल्या किनाऱ्यासाठी दहा ते चौदा सेंटिमीटरच्या फ्लायना १/० ते ३/० आकाराचे हूक पुरतात. लांब दांडीच्या हुकावर, उदाहरणार्थ मस्टाडचा ३४०११ हा स्टेनलेस हूक, संपूर्ण धड सरळ बांधता येते, आणि सुरुवात करणाऱ्याने तेथूनच करावी. लांब दांडीचा दोष असा की लढताना मासा तिचा तरफेसारखा उपयोग करून हूक सैल करू शकतो. हात बसल्यावर मी पुढची पद्धत अधिक पसंत करतो: पुढे धडासाठी हुकाच्या टोकाविना नुसती तारेची दांडी घ्यावी, आणि मागे आखूड दांडीचा मजबूत हूक विणलेल्या दोऱ्याच्या फासात जोडून नेमका डोळ्यांखाली ठेवावा. मासे माकुलाला बहुतेक वेळा डोक्याच्या बाजूने धरतात, म्हणून हूक तेथेच असणे फायद्याचे ठरते. हुकाचा काटा, म्हणजे टोकामागचा उलटा दात, पकडीने दाबून सपाट करावा. स्टेनलेस हूक गंजत नाही, त्यामुळे दोर तुटून तो माशाच्या तोंडात राहिला तर तो फार काळ टिकतो. ज्यांना हे खटकते त्यांनी कथिलाचा मुलामा दिलेले पोलादी हूक वापरावेत आणि दर फेरीनंतर ते धुऊन वाळवावेत.

साहित्य बेळगावात मिळू शकते का?

हूक आणि फ्लायचा धागा बहुधा बाहेरून मागवावा लागतो, पण त्याव्यतिरिक्त बरेच काही येथेच मिळते, आणि मला या भागाचे हे बलस्थान वाटते. हात व शुंडके यांसाठी गावठी कोंबड्याच्या मानेवरची आणि कमरेवरची लांब, निमुळती पिसे उत्तम असतात. खानापूर तालुक्यातल्या गावांत किंवा आठवडी बाजारात कोंबडी विकणाऱ्यांकडे ती मागितल्यास सहसा कोणी नाही म्हणत नाही. पिसे साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून, बंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवावीत म्हणजे किडे व त्यांची अंडी मरतात. पांढरी पिसे सर्वांत उपयोगी, कारण ती ॲसिड रंगात थोडे व्हिनेगर घालून हव्या त्या छटेत रंगवता येतात.

चमकेसाठी शहापूर, वडगाव आणि खासबाग येथील विणकरांकडे उरलेल्या जरीच्या लडी पाहाव्यात. मात्र तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली जर खाऱ्या पाण्यात लवकर काळी पडते. आपल्याला प्लास्टिकच्या चकाकत्या पट्टीपासून बनवलेली जर हवी. फरक ओळखण्यासाठी एक धागा मेणबत्तीच्या ज्योतीजवळ न्यावा: प्लास्टिकची जर आक्रसून वितळते, तारेची जर तार म्हणून शिल्लक राहते. फ्लायला चमक थोडीच लागते, प्रत्येक बाजूला दोन-तीन तंतू पुरे.

धडासाठी लांब लवेचे कृत्रिम फर, म्हणजे मऊ खेळण्यांना असते तसले, कापडाच्या दुकानात मिळते. ते पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे फेकताना फ्लाय जड होत नाही. सशाच्या कातड्याच्या पट्ट्या पाण्यात फार सुंदर हलतात, परंतु ओल्या झाल्या की इतक्या जड होतात की वाऱ्यात त्या फेकणे कष्टाचे होते. डोळ्यांसाठी खडेबाजारातल्या बांगड्या-टिकल्यांच्या दुकानांतून आठ मिलिमीटरच्या चंदेरी टिकल्या घ्याव्यात. बांधताना हूक घट्ट धरून ठेवणारा व्हाइस विकत घेण्याऐवजी उद्यमबागेतल्या एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये करवून घेता येतो. त्याचे जबडे मात्र कठीण केलेल्या पोलादाचेच असावेत, कारण मऊ जबड्यांना ३/० चा हूक खाचा पाडतो.

मोराची पिसे किंवा हरणाचे केस वापरावेत का?

माकूल फ्लायला त्यांची गरज नाही. फ्लाय बांधण्याच्या परदेशी सूचनांत ज्याला बकटेल म्हणतात ते अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे केस असतात. त्याऐवजी आपल्याकडच्या जंगलातले भेकर, चितळ वा सांबर यांचे केस वापरणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे, आणि जंगलालगतच्या गावांत कोणी असे केस देऊ केले तरी ते घेऊ नयेत. लांब, राठ केसांची गरज भासलीच तर शेळीचे केस उत्तम काम देतात.

बांधण्याचा क्रम कसा असावा?

काम हुकाच्या वाकापासून सुरू करून डोळ्याकडे न्यावे. प्रथम वाकाशी फरचा एक छोटा, घट्ट गोळा बांधावा. हा गोळा शेवटी दिसत नाही, पण त्याच्यावर टेकल्यामुळेच पिसे बाहेरच्या बाजूला उमलतात, आणि तो वगळला तर दहाही अवयव ओल्या वातीसारखे एकमेकांना चिकटून राहतात.

त्यानंतर दोन शुंडके बांधावेत. त्यासाठी दोन लांब, बारीक पिसे घेऊन दांडीवरचे तंतू खालून वर ओढून काढून टाकावेत आणि फक्त टोकाशी दीड-दोन सेंटिमीटर तंतू ठेवावेत. ताटलीत पाहिलेले शुंडक्याचे पसरट टोक यातून तयार होते. दोन्ही शुंडके गोळ्याच्या दोन बाजूंना, सारख्या लांबीचे, गोळ्यापासून आठ सेंटिमीटरपर्यंत मागे जातील असे बांधावेत. त्यांच्या सभोवती आठ हातांसाठी आठ पिसे, साधारण चार सेंटिमीटर लांबीची, एकेक करून बसवावीत. पिसांची खोलगट बाजू बाहेर ठेवावी, म्हणजे टोके बाहेरच्या दिशेला वळतील. काही अनुभवी बांधणारे ती आत ठेवून सडपातळ आकार साधतात, आणि वेगाने पोहणाऱ्या बारीक माशाची फ्लाय असेल तर ते बरोबरही आहे, पण माकुलाच्या बाबतीत उमलणारे हात मला अधिक महत्त्वाचे वाटतात. आठवे पीस बसेपर्यंत धागा सैल पडू देऊ नये, आणि प्रत्येक दोन पिसांनंतर एक थेंब पातळ सायनोॲक्रिलेट गोंद द्यावा.

यानंतर गोळ्याच्या लगेच पुढे डोळे बसवावेत, आणि डोळ्यांच्या पुढे धड बांधावे. फरचे झुपके आडवे धरून दांडीभोवती वरून-खालून बांधत जावे, प्रत्येक झुपक्यानंतर धागा पुढे न्यावा आणि बोटांनी झुपका मागे दाबून बसवावा. डोळ्यांपाशी झुपके लांब असावेत, हुकाच्या डोळ्याकडे येताना आखूड होत जावेत. सर्व झाल्यावर जुन्या टूथब्रशने तंतू विंचरून कात्रीने आकार द्यावा. कात्री नेहमी हुकाच्या डोळ्याकडून मागे चालवावी आणि एकदम खोल कापू नये. पिशवीची कड जेथे डोक्यावर येते तेथे तंतू किंचित मोकळे ठेवल्यास खऱ्या माकुलाची ती सैल कड दिसते.

डोळे कसे करावेत?

चंदेरी टिकलीवर मध्यभागी काळ्या कायमस्वरूपी मार्करने मोठे बुबुळ काढावे, इतके मोठे की चंदेरी कडा फक्त कडेला उरेल. टिकली फरच्या तंतूंवर गोंदाने चिकटवून तिच्यावर यूव्ही रेझिनचा एक थेंब ठेवावा आणि यूव्ही टॉर्चने तो घट्ट करावा, म्हणजे घुमटाकार, ओलसर भासणारा डोळा तयार होतो. नेल-आर्टचे दिवेही यासाठी चालतात. रेझिन कच्चे असताना त्वचेला लागू देऊ नये आणि खिडकी उघडी ठेवावी, कारण वारंवार संपर्क आल्यास काहींना त्याची ॲलर्जी जडते. दोन घटक मिसळून करायचे इपॉक्सी स्वस्त पडते, पण ते काळानुसार पिवळे होते आणि ते सुकेपर्यंत फ्लाय फिरवत राहावी लागते.

पर लावल्यावर फ्लाय भिरभिरते. काय करावे?

पर कडक किंवा मोठे असले, किंवा दोन्ही बाजू समान नसल्या, तर फ्लाय हवेत पंख्यासारखी फिरते आणि लीडरला, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांमधल्या बारीक दोऱ्याला, पीळ बसतो. म्हणून पर खऱ्यापेक्षा लहान ठेवावेत, मऊ फोमच्या पातळ पत्र्यातून दुमडून एकाच वेळी दोन्ही बाजू कापाव्यात आणि मधल्या रेषेवर बांधावेत. फोम तरंगतो, म्हणून त्याची जाडी एक मिलिमीटरपेक्षा जास्त नको. परांशिवाय बांधलेली फ्लायसुद्धा मासे घेतात. शंका असेल तेव्हा मी पर गाळतो आणि त्या जागी फरचे दोन आडवे झुपके थोडे लांब ठेवतो.

वजन किती व कोठे द्यावे?

माकूल पाण्यात आडवा, तोल सांभाळून तरंगतो, तो नाक खाली करून बुडत नाही. हुकाच्या डोळ्याशी धातूचे जड डोळे बांधल्यास फ्लाय दर थांब्याला डोके खाली टाकते, आणि बारीक माशाच्या क्लाउझर पद्धतीच्या फ्लायला शोभणारी ती चाल येथे विसंगत ठरते. दांडीच्या मध्यभागी बिनशिशाच्या बारीक तारेचे काही वेढे घालावेत आणि फ्लाय किती खोल जाईल ते दोरावर सोपवावे.

रंग कोणते?

दिवसा स्वच्छ पाण्यात अर्धपारदर्शक पांढरे धड, पाठीवर फिक्या तपकिरी-गुलाबी छटेचे ठिपके आणि पोटाकडे जवळजवळ काहीच नाही, असे संयोजन ठेवावे. ठिपके अल्कोहोल मार्करच्या टोकाने एकेक टेकवून द्यावेत, घासू नयेत, आणि त्यांचे आकार मुद्दाम लहान-मोठे ठेवावेत. डिवचलेला माकूल गडद तांबडा होतो, म्हणून एक-दोन फ्लाय तांबूस-तपकिरी असाव्यात. रात्री किंवा गढूळ पाण्यात मासा ठिपके पाहत नाही, त्याला आकृती दिसते, तेव्हा पूर्ण पांढरी किंवा गडद जांभळी फ्लाय अधिक कामाची. अंधारात चमकणाऱ्या तंतूंबद्दल अनेकांना शंका असते, परंतु भारतीय माकुलाच्या शाईच्या पिशवीवर प्रकाश देणाऱ्या अवयवांची जोडी असते, त्यामुळे पोटात असा एखादा तंतू बांधणे अवास्तव नाही.

समुद्रावर नेण्यापूर्वी चाचणी कशी घ्यावी?

बादली पुरत नाही, कारण तिच्यात ओढायला अंतर मिळत नाही. शेतातली स्वच्छ पाण्याची विहीर ही सर्वोत्तम जागा आहे. मालकाची परवानगी घेऊन, उन्ह डोक्यावर असताना, जेव्हा प्रकाश सरळ खाली उतरतो, पायऱ्यांवर उभे राहून फ्लाय आखूड दोराने पाण्यात सोडावी. आधी ती बोटांनी दाबून पूर्ण भिजवावी, नाहीतर फरमध्ये अडकलेली हवा तिला वर ठेवते आणि निष्कर्ष चुकतो. मग एक हातभर ओढून थांबावे. फ्लाय आडवी राहते का, एका कुशीवर कलते का, हात उमलतात का आणि शुंडके हुकाभोवती गुंडाळतात का, एवढे पाहावे. कलत असेल तर जड बाजूचे तंतू विरळ करावेत. शुंडके गुंडाळत असतील तर ते एक-दीड सेंटिमीटरने आखूड करावेत, किंवा त्यांच्या मुळाशी रेझिनचा बारीक लेप देऊन तेवढा भाग ताठ करावा.

ती फेकायला आणि चालवायला कोणता सरंजाम लागतो?

नऊ फुटी, नऊ किंवा दहा क्रमांकाच्या वजन-वर्गाचा रॉड आणि संथपणे बुडणारी इंटरमीडिएट लाइन ही जोडी किनाऱ्यावरून सर्वांत सोयीची. लीडर सहा-सात फुटांपेक्षा लांब नको आणि त्याच्या टोकाला तीस-चाळीस पौंडांचा ताण सोसणारा जाड तुकडा असावा. फ्लाय घट्ट गाठीने न बांधता न सरकणाऱ्या फासगाठीने बांधावी, म्हणजे ती मोकळी डोलते. फेकण्याचा सराव टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पहाटे करता येतो, पण तेथे हूक न लावता लोकरीचा गोंडा लावावा.

पाण्यात फ्लाय चालवताना एक लांब, गुळगुळीत ओढ द्यावी, दोन-तीन सेकंद थांबावे, पुन्हा ओढावे, आणि अधूनमधून तीन-चार झटपट आखूड ओढी द्याव्यात. बहुतेक झडपा थांब्यात किंवा थांब्यानंतरच्या पहिल्या ओढीत येतात. झडप जाणवली की रॉड वर उचलू नये, दोर हातानेच लांब ओढून हूक बसवावा.

आपल्या किनाऱ्यावर कोणते मासे या फ्लायवर येतात?

खडकाळ जागी तांबोशी, गोबरा आणि ट्रेव्हॅली, खाडीच्या मुखाशी चोणक, आणि बोटीतून गेल्यास सुरमई व गेदर. सुरमईचे दात पिसे कात्रीसारखी कापतात, म्हणून तिच्यासाठी दहा-बारा सेंटिमीटर बारीक तार लावावी आणि हात कृत्रिम तंतूंचे करावेत. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर वसंतात माकूल उथळ पाण्यात येतात आणि त्यांच्या मागे स्ट्राइप्ड बास येतो. माकूल फ्लायचे बरेच प्रसिद्ध नमुने अमेरिकेतले आहेत, डॅन ब्लँटन यांची सी-ॲरो स्क्विड ही त्यांतलीच एक. त्या सूचना वाचताना तेथील माकूल वेगळ्या जातीचा आहे आणि तेथील पाणी थंड आहे हे लक्षात ठेवून आपल्याला लागू पडेल तेवढेच घ्यावे.

मालवणचा काही समुद्रभाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा तेथे गळ टाकण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी. खडकांवर एकट्याने जाऊ नये आणि ओहोटीच्या वेळा आधी पाहून ठेवाव्यात.

फ्लाय टिकवाव्यात कशा?

परतीच्या वाटेवरच, घाट चढण्याआधी, त्या गोड्या पाण्यात धुऊन घ्याव्यात, कारण मीठ एकदा फरच्या मुळाशी वाळले की हुकाला गंज आणि धाग्याला कुजणे दोन्ही लागते. घरी त्या पंख्याखाली पूर्ण वाळवाव्यात आणि शुंडके न दुमडता लांब डबीत ठेवाव्यात. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात पिसांना बुरशी धरते, म्हणून डबीत सिलिका जेलची पुडी ठेवावी, आणि सुट्या पिसांच्या पिशवीत डांबराच्या गोळ्या. वाकडी झालेली पिसे टाकून देऊ नयेत. उकळत्या पाण्याच्या वाफेवर चिमट्याने अर्धा मिनिट धरली की ती पुन्हा सरळ होतात. हात झडलेल्या फ्लायचे धड चांगले असेल, तर मागच्या गोळ्यापर्यंतचा धागा ब्लेडने कापून नवी पिसे बांधता येतात. दोन तुकड्यांच्या पद्धतीत तर नुसता मागचा हूक बदलून काम भागते.